असल्यास

छापील अर्ज भरण्याचा प्रसंग आला म्हणजे मला नेहमी वाटते, की माणसाचा खरा चरित्रकार कोणी असेल तर तो अर्जाचा नमुना तयार करणारा अज्ञात कारकून होय. मोठमोठे चरित्रकार नायकाच्या आयुष्यातून काय घ्यावे आणि काय गाळावे ह्या विवंचनेत वर्षानुवर्षे घालवितात. ह्या गृहस्थाने मात्र कोणाचेही सारे आयुष्य आठ-दहा रकान्यांत बसवून दाखविलेले असते. संपूर्ण नाव, जन्मतारीख, कायमचा पत्ता, शैक्षणिक पात्रता, पूर्वानुभव असल्यास. जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडावा, अशी एक उदार सवलतही तळाशी असते. परंतु स्वतंत्र कागद जोडण्याइतके आपले आयुष्य भरगच्च आहे असे मानणारे फार थोडे. बहुतेकांची अडचण निराळीच असते. रकान्यात लिहिण्यासारखे त्यांच्यापाशी असते; ते लिहिल्यावर वाचणारा काय म्हणेल ह्याची त्यांना धास्ती असते.

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचा फोन आला. ही मुलगी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. उच्च न्यायालयात लॉ क्लार्कच्या जागेसाठी तिला अर्ज करावयाचा होता. कलमे, निवाडे ह्यांपैकी काही विचारील म्हणून मी सावरून बसले, तर प्रश्न निघाला भलताच.

"मावशी, मी आधी दोन वर्षं इंजिनिअरिंगला होते, ते लिहायचं का गं?"

दोन वर्षे ती इंजिनिअरिंगला होती आणि दुसऱ्या वर्षी चार विषयांत तिला के. टी. लागली होती. त्यानंतर ते सारे सोडून ती कायद्याकडे वळली आणि येथे मात्र तिने उत्तम गुण मिळविले. वरच्या वर्गातील मुलांनी तिला सल्ला दिला होता, की अर्धवट टाकलेला अभ्यासक्रम म्हणजे शिक्षणच नव्हे. त्याचा उल्लेख कशाला? बारावी आणि विधी पदवी ह्यांच्यामध्ये दोन वर्षांचे जे भगदाड पडते, त्यावर 'वैयक्तिक कारणे' हे दोन शब्द पसरावेत म्हणजे झाले. मी तिला लगेच उत्तर देऊ शकले नाही. "उद्या सांगते," म्हणून मी फोन ठेवला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या मला १५ वर्षांपूर्वीचा माझा स्वतःचा अर्ज आठवला.

परंतु लॉ क्लार्क म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. कारण ह्या नावाने पुष्कळांची फसगत होते. माझ्या वडिलांची झाली होती. ते पंचायत समितीत कारकून होते. मुलगी कायद्याची पदवी घेऊन क्लार्क होणार हे ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मी जन्मभर कारकुनी केली ती तू कारकून व्हावंस म्हणून नव्हे." वस्तुतः ह्या कारकुनाने टपालही नोंदवावयाचे नसते आणि शिक्केही मारावयाचे नसतात. दुसऱ्या दिवशीच्या बोर्डावर जी प्रकरणे असतील त्यांचे गठ्ठे आदल्या रात्री वाचावयाचे, न्यायमूर्तींसाठी प्रत्येकाचे टिपण करावयाचे, वकिलांनी आधाराला घेतलेले निवाडे खरोखरच तसे बोलतात की काय हे पडताळून पाहावयाचे, आणि निकालपत्राच्या मसुद्यातील तारखा व परिच्छेदांचे आकडे तपासावयाचे, असे हे काम आहे. मुदत थोडी, बहुधा वर्षाची. पण नव्या वकिलाला न्यायालयाकडे आतल्या बाजूने पाहावयास मिळते ते ह्याच जागेवरून, पुन्हा कधी नाही. आता तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ह्या जागांसाठी रीतसर परीक्षा ठेवली आहे, आणि २०२४ सालच्या जाहिरातीत दरमहा ८०,००० रुपये मानधन लिहिलेले होते. माझे वडील आज असते तर तो आकडा ऐकून कारकुनीविषयीचे त्यांचे मत काहीसे बदलले असते.

ही प्रथा मूळची अमेरिकेतली. होरेस ग्रे नावाचे न्यायमूर्ती १८८२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा त्यांनी हार्वर्डच्या विधिविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण स्वतःच्या खर्चाने हाताखाली ठेवला. असा तरुण हेरून देण्याचे काम त्यांचे सावत्र बंधू जॉन चिपमन ग्रे करीत. ते हार्वर्डलाच प्राध्यापक होते. १८८६ साली तेथील काँग्रेसने प्रत्येक न्यायमूर्तीच्या लघुलेखक-कारकुनासाठी वर्षाला १६०० डॉलर मंजूर केले आणि ही खाजगी सोय सरकारी झाली. ह्या हकीकतीत ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की आरंभी अर्ज नावाची वस्तूच नव्हती. विद्यालयाचे नाव हाच अर्ज, आणि एका भावाने दुसऱ्याच्या कानात सांगितलेला शब्द हीच मुलाखत. पुढे अर्ज आले, रकाने आले, गुणपत्रिका आल्या; पण वाचणाऱ्याची नजर आधी विद्यालयाच्या नावावर जाते ती मात्र अजून सुटलेली नाही. पहिले वर्ष एका साध्या विद्यालयात काढून नंतर नामांकित विद्यालयात गेलेला अमेरिकन विद्यार्थी, पहिल्याचे नाव किती बारीक अक्षरात लिहावे ह्या विचारात आजही पडतो.

रूथ बेडर गिन्सबर्ग ह्यांच्या पदरी तर दोन्ही नावे थोर होती. दोन वर्षे हार्वर्डला आणि शेवटचे वर्ष कोलंबियाला काढून १९५९ साली त्या वर्गात बरोबरीने पहिल्या आल्या. तिसरे वर्ष बाहेर काढले म्हणून हार्वर्डने त्यांना आपली पदवी दिली नव्हती. २०११ साली दिली ती सन्माननीय पदवी, तोवर त्या स्वतः सर्वोच्च न्यायालयात बसून १८ वर्षे होत आली होती. हार्वर्डच्या एका प्राध्यापकांनी त्यांची शिफारस न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर ह्यांच्याकडे केली आणि त्यांनी नकार दिला. मौज अशी, की ह्याच फ्रँकफर्टरांनी १९४८ साली विल्यम कोलमन ह्यांना, त्या न्यायालयातील पहिल्या कृष्णवर्णीय लॉ क्लार्कला, नेमले होते. एक भिंत ओलांडणाऱ्या माणसाला दुसरी भिंत दिसत नाही, हे असे होते. अखेर जेराल्ड गुंथर ह्या प्राध्यापकांनी हट्टच धरला तेव्हा एडमंड पाल्मिएरी नावाच्या न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायाधीशांनी ह्या बाईंना ठेवून घेतले. बाई लेकुरवाळ्या होत्या. अडचण होती ती तेथे, आणि कोणताही रकाना कोरा ठेवून ती झाकता येण्यासारखी नव्हती. ज्यांना झाकता येते त्यांच्या वाट्याला मोह येतो. माझ्या वाट्याला तो आला.

मी २००२ साली बारावी झाले आणि डी. एड.ला गेले. आमच्याकडे मुलीने लवकर मिळवती व्हावे असे असेल तर तो सरळ रस्ता होता. २००४ साली पाटण तालुक्यातील एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षणसेवक म्हणून माझी नेमणूक झाली. मानधन दरमहा ३००० रुपये, मुदत तीन वर्षे, आणि ती नीट पार पडली तर नोकरी कायम. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नको, की त्या वाडीवर जून ते सप्टेंबर शाळेत जाणे ही गोष्ट शिकविण्यापेक्षा कठीण होती. शाळेत दोन खोल्या, चार इयत्ता आणि आम्ही दोघी. मी आणि मुख्याध्यापिका. त्यांना सारी वाडी 'बाई' म्हणे आणि मला 'लहान बाई'.

त्याच तीन वर्षांत मी बी. ए. केले, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. हे विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. माझ्या घरी ती गंगा जाड स्वयंअध्ययन पुस्तकांच्या रूपाने येई आणि रविवारी कराडच्या अभ्यासकेंद्रातील संपर्क सत्राला मी एस. टी.ने तिच्याकडे जाई. शाळेतील मुले पाढे घोकीत असताना मी मागच्या पानावर राज्यशास्त्राची टिपणे काढीत असे, हे आता कबूल करावयास हरकत नाही. २००७ साली नोकरी कायम होण्याची वेळ आली तेव्हाच राजीनामा देऊन मी पुण्यास कायदा शिकण्यासाठी निघाले. वडील तेव्हाही बराच वेळ बोलले नव्हते.

२०१० साली मी एलएल. बी. झाले. सकाळचे महाविद्यालय, दुपारी एका वकिलांकडे टंकलेखन, असे करीत ५८ टक्के गुण मिळविले. त्या वेळी महाराष्ट्रात एकही राष्ट्रीय विधी विद्यापीठ नव्हते; परंतु बंगळूर, हैदराबाद, भोपाळ येथून शिकून आलेली मुले न्यायालयाच्या आवारात दिसू लागली होती, आणि ती ज्या सहजतेने इंग्रजी बोलत त्या सहजतेने मी मराठीही बोलत नसे. लॉ क्लार्कच्या जागांची जाहिरात निघाली तेव्हा आमच्या महाविद्यालयातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझा अर्ज डोळ्याखालून घातला. ते म्हणाले, "हे शाळामास्तरकीचं प्रकरण कशाला घातलंस? न्यायमूर्तींना संशोधक हवा असतो, बालवाडीची बाई नव्हे." त्यांचा हेतू वाईट नव्हता. खोलीतल्या मैत्रिणीने आणखी एक दुरुस्ती सुचविली. मुक्त विद्यापीठ म्हटले की लोकांना वाटते, घरबसल्या मिळालेली पदवी. तेवढा एक शब्द गाळला तर कोणाचे काय बिघडते?

मी दोघांचेही ऐकले. विद्यापीठाच्या रकान्यात मी इंग्रजी आद्याक्षरे लिहिली आणि पुढे 'विद्यापीठ, नाशिक' असे लिहिले. त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते. प्रमाणपत्राची नक्कल सोबत जोडली होती आणि तीवर पूर्ण नाव ठळक छापलेले होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी काहीच लपविले नव्हते. सोबतची कागदपत्रे कोणी वाचीत नाही, ह्या मनुष्यस्वभावावर मी फक्त विसंबले होते. आश्चर्य हे, की नेमका 'मुक्त' हाच शब्द मला नको झाला होता. तो नसता तर मी वाडीवरून बी. ए. कशी होणार होते?

दुसरा रकाना अधिक अवघड होता. 'पूर्वानुभव, असल्यास.' तेथे मी एक आडवी रेघ ओढली.

मुलाखत आठ-दहा मिनिटेच झाली. संविधानाच्या २२६व्या अनुच्छेदावर दोन प्रश्न झाले, ते मला आले. मग न्यायमूर्तींनी चष्मा वर करून विचारले, "२००४ ते २००७ आपण काय करीत होता?" आमचे बोलणे इंग्रजीत झाले, येथे मराठीत देते. मी म्हटले, "बी. ए. करीत होते." ते म्हणाले, "फक्त बी. ए.?" मी म्हटले, "हो."

अर्जातील गाळलेल्या शब्दाचे समर्थन मी आजही वकिलाप्रमाणे करू शकेन. आडव्या रेघेचेही कदाचित करीन. त्या 'हो'चे करता येत नाही.

माझी निवड झाली. पुढचे चार महिने बरे गेले. संध्याकाळी गठ्ठे येत, मी रात्री जागून टिपणे करी, सकाळी न्यायमूर्ती त्यावर पेन्सिलीने खुणा करीत. कौतुक क्वचित, चूक दाखविणे वारंवार, पण आवाज कधीही न चढविता. अशा माणसाच्या हाताखाली चुका करण्याचीच लाज वाटू लागते. माझ्या बरोबरीचे इतर क्लार्क माझ्यापेक्षा झपाट्याने वाचीत आणि मला ठाऊक नसलेले परदेशी निवाडे त्यांच्या जिभेवर असत. मी त्यांच्याबरोबर जेवताना फारसे बोलत नसे. न जाणो, बोलण्याच्या ओघात वाडी बाहेर पडावयाची.

मग एक प्रकरण आले. त्याची ओळख पटेल असे काही मी सांगणार नाही, कारण न्यायमूर्तींच्या दालनात वाचलेले तेथेच ठेवावयाचे असते. इतकेच सांगते, की एका खाजगी शाळेतील शिक्षणसेविकेचा तो रिट अर्ज होता. संस्थेचे म्हणणे, ह्या बाई जूनमध्येच आपखुशीने निघून गेल्या. बाईंचे म्हणणे, ऑक्टोबरपर्यंत मी वर्गावर होते आणि मला तोंडी सांगून घरी बसविले. शिक्षकांच्या हजेरीपत्रकात जुलैपासून त्यांची सही नव्हती. कागद बोलत होता तो संस्थेच्या बाजूने. वर्गात मुले पुरेशी होती हे दाखविण्यासाठी म्हणून बाईंच्या वकिलांनी विद्यार्थ्यांच्या कॅटलॉगच्या काही पानांच्या नकला जोडल्या होत्या. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले दिसत नव्हते.

मी ती पाने उलटली आणि हात थांबला. ज्यांनी प्राथमिक शाळेत काम केले आहे त्यांना ठाऊक असते, की महिनाअखेरीस कॅटलॉगचा गोषवारा वर्गशिक्षिकेनेच काढावयाचा असतो. हजर दिवस, मुले किती, मुली किती, सरासरी किती. बेरजा जुळल्याखेरीज मुख्याध्यापिका घरी जाऊ देत नाहीत. जुलै आणि ऑगस्टच्या गोषवाऱ्यातील अक्षर आणि बाईंनी शिक्षणाधिकाऱ्यांना पाठविलेल्या हस्तलिखित तक्रारीतील अक्षर एकच दिसत होते. सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ देण्याची त्यांची लकब दोन्हीकडे होती. जूनमध्ये निघून गेलेली बाई ऑगस्टअखेर वर्गाची सरासरी कशी काढीत होती? मी टिपणात लिहिले, की मूळ कॅटलॉग मागवून पाहावा.

तसा आदेश झाला. पुढच्या तारखेला संस्थेच्या वकिलांनी मूळ कॅटलॉगऐवजी तडजोडीची भाषा आणली, आणि बाई पुन्हा कामावर रुजू झाल्या. प्रकरणाचे तेवढेच.

त्या संध्याकाळी न्यायमूर्तींनी मला दालनात थांबविले. "हे तुम्हाला कसे सुचले?" त्यांनी विचारले. "निवाडे वाचून हे सुचत नाही." मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ते वाट पाहत राहिले. न्यायाधीशांना वाट पाहण्याची मोठी सवय असते. शेवटी मी म्हटले, "मी तीन वर्षे असा कॅटलॉग भरला आहे."

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्जात हे नव्हते."

"नेमके तसे विचारले नव्हते," मी म्हटले. हे माझ्या तोंडून कसे निघाले कोण जाणे.

"विचारले होते. 'असल्यास' असे विचारले होते. तो शब्द ज्यांना अनुभव नाही त्यांच्या सोयीसाठी घातलेला असतो." मग जरा थांबून, तितक्याच शांत आवाजात, "आणि मुलाखतीत मीही विचारले होते. आपण 'हो' म्हणालात."

त्यांना ते आठवत होते. चार महिने ते माझी टिपणे वाचीत होते आणि त्यांना ते आठवत होते. त्यांनी एवढेच सांगितले, की उद्या प्रबंधकांच्या कार्यालयाला लेखी कळवा. मी त्याबाबत अनुकूल किंवा प्रतिकूल काहीही बोलणार नाही. रागावले असते तर मला फार बरे वाटले असते.

ते चार ओळींचे पत्र लिहिण्यास मला रात्रीचे दोन वाजले. प्रत्येक मसुद्यात मी कोठेतरी सबब घुसडीत होते आणि पुन्हा काढीत होते. शेवटी पत्रात एवढेच राहिले, की माझ्या पदवीच्या विद्यापीठाचे पूर्ण नाव अमुक आहे. २००४ ते २००७ मी अमुक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक होते. हा तपशील अर्जात द्यावयास हवा होता, तो मी दिला नाही. पुरावा म्हणून काही जोडावे तर माझ्यापाशी एकच कागद होता. वाडी सोडताना मुख्याध्यापिकांनी स्वतःच्या हाताने लिहून शाळेचा शिक्का मारून दिलेला अनुभवाचा दाखला. तीन वर्षे तो ट्रंकेच्या तळाशी घडी घातलेला पडला होता. मी तो उघडला. 'सदर शिक्षिकेचे हजेरीचे व गोषवाऱ्याचे काम चोख असून वर्तणूक चांगली आहे.' मी माझ्या तीन वर्षांवर रेघ ओढली तेव्हा ह्या बाईंवरही ओढली होती, हे मला तोवर दिसले नव्हते. पावसात नदीला पाणी आले की माझी संपर्क सत्रे चुकू नयेत म्हणून शनिवारी दुपारीच मला वाटेला लावणाऱ्या त्या. माझा वर्ग आपल्या वर्गात घेऊन चारही इयत्ता एकट्या सांभाळीत.

अकरा दिवस उत्तर आले नाही. त्या अकरा दिवसांत मी मनातल्या मनात कितीतरी वेळा सामान बांधले. बाराव्या दिवशी पत्राची प्रत परत आली. समासात तांबड्या शाईने दोन शब्द होते, 'नोंद घेतली.' खाली आद्याक्षरी. बस्स.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला. ही सारी हकीकत मी तिला सांगितली नाही. मुलांना आपल्या चुका ऐकविण्यातही एक प्रकारचा तोरा असतो. मी तिला आधी विचारले, "कायद्याला प्रवेश घेतलास तेव्हा कोणता दाखला दिला होतास?" ती म्हणाली, "इंजिनिअरिंग कॉलेजचा, शिकणं सोडल्याचा." म्हणजे ज्या गोष्टीवर ती पांघरूण घालणार होती ती तिच्या स्वतःच्या महाविद्यालयाच्या दप्तरात पाच वर्षे उघडी पडली होती. मी म्हटले, "मग लपवणार कोणापासून?" तिच्यापाशी उत्तर तयार होते. "लपवत नाही गं. फक्त पुढे करत नाही."

हा भेद खरा आहे, आणि तो मी नाकारीत नाही. दहावीला बीजगणितात किती गुण पडले, कोणत्या शिकवणीला गेलो, कोणत्या प्रवेशपरीक्षेत नापास झालो, हे न विचारता सांगत सुटणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. तो वाचणाऱ्याचा छळ होय. हल्ली उलटाही एक प्रकार पाहते. कंदिलाखालचा अभ्यास आणि अनवाणी पायपीट अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात मांडून वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणू पाहणारे तरुण भेटतात. माझ्या रेघेपेक्षा हे बरे असे मला वाटत नाही. दोघेही आपल्या गतायुष्याचा भाव ठरवूनच बाजारात उभे असतात, एक फार कमी धरून आणि दुसरा फार जास्त. पण अर्जात सरळ प्रश्न असला, मागील शिक्षण द्या, वर्षांचा खंड असल्यास कारण द्या, तर मग 'पुढे करत नाही' ह्या म्हणण्याला जागा राहत नाही.

भाची कायद्याची विद्यार्थिनी. ती इतक्यावर ऐकेल कशी? "पण मावशी, लपवलेली गोष्ट उणेपणाची असेल तर ठीक. माझी दोन वर्षं तर जास्तीची आहेत. जास्त शिकल्याचं न सांगणं हा गुन्हा कसा?" मी तिला पंजाब नॅशनल बँकेचा निवाडा वाचावयास सांगितला. शिपायाच्या जागेसाठी उमेदवार बारावी असावा, पदवीधर नसावा, अशी जाहिरातीत अट होती. एका तरुणाने २०१४ साली मिळविलेली पदवी लपवून अर्ज केला. ओडिशाच्या उच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली. परंतु ३ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अधिक शिक्षण हा दोष नसला तरी महत्त्वाची गोष्ट दडवून नोकरी मिळविणाऱ्याला त्या नोकरीवर हक्क सांगता येत नाही, असा त्या निवाड्याचा आशय. कायदा म्हणून मला तो पटतो. तरी तो वाचताना दर वेळी माझ्या मनात त्या तरुणाचे घर उभे राहते. ज्या पदवीचे पेढे गल्लीत वाटले असतील तीच दडवून शिपाई होण्याची पाळी त्याच्यावर का आली, हा प्रश्न निवाड्याच्या कक्षेबाहेरचा होता आणि न्यायमूर्तींनी तो तेथेच ठेवला. त्या तरुणापुढे पोट होते. माझ्यापुढे आणि माझ्या भाचीपुढे केवळ लोकांची भुवई होती.

हे शेवटचे वाक्य मी तिला बोलून दाखविले नाही. पण ती काहीतरी समजली असावी. "तू काय लिहिलं होतंस गं तुझ्या अर्जात?" तिने विचारले. मी खरे ते सांगितले. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. आमच्या घराण्यात ही सवय वडिलांपासून आलेली आहे.

रात्री तिने अर्जाचा मसुदा पाठविला. बारावीच्या खाली एक नवी ओळ आली होती: अभियांत्रिकी, दोन वर्षे, अपूर्ण. समोर महाविद्यालयाचे पूर्ण नाव. राहिलेल्या चार विषयांचा उल्लेख नव्हता. मी विचारले तर म्हणाली, 'अपूर्ण' ह्या शब्दात ते सारे आले. मला वाटते, दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका सोबत जोडाव्यात. तिला वाटते, त्या मागितल्या तर द्याव्यात. अर्जाच्या मुदतीला अद्याप चार दिवस आहेत, आणि आमचा वाद अजून चालू आहे.